एका वेळी एकच पोर

मुलाला शिकवताना बाई कधी त्याच्या समोर बसल्या नाहीत. शेजारी बसायच्या. जमिनीवर, दोघांची पाठ एकाच भिंतीला, दोघांचे पाय एकाच दिशेला. सुरुवातीला मी एकदा खुर्ची आणून ठेवली, तर त्यांनी ती उचलून परत वर्गात नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "समोर बसलं का पोट्टं तोंडाकडं पाह्यते, पुस्तकाकडं नाई. आपलं तोंड काय पाहाण्यासारखं हाये काय मॅडम?"

होतं खरं तर. उंच, हडकुळा बांधा, जाड काचांचा चष्मा, मागे घट्ट ओढून बांधलेले पांढरे केस आणि कपाळावर कायमची एक आठी. पांढऱ्या साडीला बारीक निळा काठ. पायांत रबरी चप्पल, खांद्याला एस.टी.त मिळालेली खाकी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि कागदाच्या पुडीत भाजलेल्या शेंगा. रस्त्यात कुणी हसून बोलू लागलं तरी आठी जात नसे.

पण आमच्या भागातल्या निम्म्या लोकांनी त्यांना पाहण्याआधी ऐकलेलं होतं. त्या लोणारच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची घोषणा त्याच करायच्या. माइकवर बोलताना भाषा अगदी रेडिओवरच्यासारखी, एकेक अक्षर घासून पुसून ठेवलेलं. माइक बंद झाला की त्याच तोंडातून, "काऊन बे, गाडी दिसत नाई काय तुले?" मला वाटतं, त्यांच्यात दोन बायका राहत होत्या आणि त्या दोघींचं एकमेकींशी चांगलं जमत होतं.

मी तेव्हा लोणारजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर तिसरी-चौथीला होते. माझं माहेर पिंपळगाव राजाचं, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं, त्यामुळे गावात माझं ओळखीचं असं कुणी नव्हतं. कोरोनानंतर शाळा नुकत्या रुळावर येत होत्या. पहिली-दुसरी घरातच काढलेली मुलं एकदम तिसरीत येऊन बसली होती. काहींना अक्षरं ओळखता येत होती, काहींना तीही नाही. अशात एका सकाळी या बाई शाळेत आल्या. त्यांना निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. नमस्कार नाही, ओळख नाही. हेडसरांच्या टेबलापुढे उभं राहून म्हणाल्या, "मले एक पोरगं द्या. वाचता येत नाई असं."

हेडसर भले गृहस्थ. त्यांना वाटलं, देवच पावला. "ताई, एक कशाला? सहा-सात जण आहेत, एकदम बसवू. तुम्हाला वेगळी खोली देतो."

"एकच."

"पण वेळ तर तेवढाच लागेल ना तुमचा."

"सहा बसवले तर ती शाळा झाली सर. शाळा तर तुमच्याजोळ हायेच."

हेडसरांनी गावातल्या शाळा समितीपुढे विषय ठेवला. पैसे मागत नाही, पोषण आहार मागत नाही, मग हिला हवंय तरी काय, यावर थोडी चर्चा झाली आणि परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवसापासून बाई सकाळच्या गाडीनं येऊ लागल्या. एक मूल घ्यायचं, त्याला वाचता येईपर्यंत सोडायचं नाही, ते झाल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही. कधी एका मुलाला महिना पुरायचा, कधी सगळं सत्र जायचं. मागे रांग लागलेली असायची. मी कधी काकुळतीला येऊन म्हणायचे, "हा जरा हुशार आहे, याला अधूनमधून पाहा फक्त," तर त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

नवं मूल घेतलं की पहिले काही दिवस त्या काहीच शिकवत नसत. व्हरांड्याच्या कोपऱ्यात त्याच्या शेजारी बसून शेंगा सोलायच्या. अर्ध्या त्याच्या हातावर, अर्ध्या स्वतःच्या तोंडात. मूल बोललं तर बोलायच्या, नाहीतर दोघं समोरच्या कडुलिंबाकडे बघत बसायची. आमच्या एका सहकाऱ्यांना हे बघवत नसे. "हे असं शिकवतात होय?" ते मला हळूच म्हणाले. बाई पार दुसऱ्या टोकाला होत्या. तिथूनच उत्तर आलं, "त्याले पहिले माही सवय होऊ द्या गुरुजी."

आणि याच बाई मुलांना सांगायच्या की मला कानानं कमी ऐकू येतं, स्टँडवरच्या हॉर्ननं कान गेले. त्यामुळे तोंडातल्या तोंडात पुटपुटणाऱ्या मुलालाही मोठ्यानं वाचावं लागायचं. "काय? काय म्हनलं? जोरानं वाच ना बाप्पा!" मूल ओरडून वाचायचं आणि ओरडता ओरडता त्याची भीती जायची. त्यांना खरंच कमी ऐकू यायचं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शाबासकी देत नसत. चॉकलेट, पेन, असलं काही कधी नाही. मुलानं बरोबर वाचलं की "बरं." चुकलं की काहीच नाही, नुसतं बोट त्या शब्दाखाली तसंच ठेवायच्या. एवढंच. तरी मुलं त्या "बरं"साठी जीव टाकायची.

एकदा तालुक्याहून एक साहेब शाळा बघायला आले. असं कुणी आपणहून येऊन शिकवतं, हे त्यांना फार आवडलं. फोटो काढायचा म्हणून बाईंच्या मुलाला त्यांनी पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर एक परिच्छेद वाचायला सांगितला. मुलगा दगडासारखा उभा. त्याचे कान लाल झाले. बाई उठल्या, साहेबांच्या हातातलं पुस्तक शांतपणे काढून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब, आज नको. भाकर चुलीवर हाये. उतरली का तुम्हाले बोलावतो." साहेबही समजूतदार निघाले, हसले आणि फोटो न काढताच गेले. पुढे पंधरा ऑगस्टला गावानं शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं, तर बाईंनी ताप आल्याचा निरोप धाडला. त्याच सकाळी त्या लोणारच्या बाजारात मेथीची जुडी घेताना दिसल्या होत्या.

हे सगळं त्या का करतात, याची त्यांच्याकडे वेगवेगळी उत्तरं होती. हेडसरांना सांगितलं, घरी बसून कंटाळा येतो. गावातल्या बायकांना सांगितलं, डॉक्टरनं चालायला सांगितलंय. लग्न केलेलं नव्हतं, मेहकरला एक पुतण्या होता, तो सणासुदीला येऊन जायचा. मला मात्र एकदा गाडीची वाट बघताना म्हणाल्या, "खिडकीच्या वरतेच बोर्ड होता मॅडम. एवढ्या मोठ्या अक्षरात. अन् माणसं त्याच्या खाली उभी राहून मले विचारत, ही गाडी कुठी जाते. बाप्ये जोरानं विचारत. बाया एकमेकीले पुढं ढकलत. म्हाताऱ्या विचारतीन तर ठीक हाये. पण शाळेत जाऊन आलेली पोरंबी विचारत." मग म्हणाल्या, "त्याईच्या वर्गात कोणी त्याईच्या बाजूले बसलं नसन."

मी विचारलं, "वाचता येऊ लागलं हे तुम्ही कशावरून ठरवता? चाचणी तर घेत नाही."

"वाचून झाल्यावर त्यानं काही विचारलं पाह्यजे. आपल्या मनानं. निसतं वाचणं म्हंजे बोर्ड वाचणं."

पूनम त्यांच्याकडे आली ती चौथीत. किरकोळ अंगाची, तेल चोपडलेल्या दोन वेण्यांची मुलगी. तिची गंमत अशी की तिला धडेच्या धडे पाठ होते. दुसऱ्या मुलांनी वाचलेलं एकदा ऐकलं की झालं. पुस्तक हातात धरून, पान उलटत, बोट फिरवत ती घडाघडा म्हणून दाखवायची आणि बोट भलत्याच ओळीवर असायचं. मी बाईंना आधीच सांगून ठेवलं, की हिला वाचता येत नाही, हे सगळं पाठांतर आहे.

"मंग तर कमाल हाये," बाई म्हणाल्या. "एवढं डोक्यात ठेवते म्हंजे!"

त्यांनी तिचं पुस्तक बाजूला ठेवलं. जे पाठ होणार नाही असं काहीबाही आणायच्या. औषधाची पुडी, जुनी तिकिटं, लग्नपत्रिका, बियाण्याची रिकामी थैली. पूनम रडायची, रुसायची, पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायची ती येतच नसे. बाई तिथंच बसून राहायच्या. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी बसून. मग पूनम खांबाआडून डोकवायची, हळूच येऊन शेजारी बसायची. दसऱ्यापर्यंत काना-मात्रा, वेलांट्या झाल्या. जोडाक्षरावर गाडी अडली.

आणि एक दिवस पूनमनंच सांगितलं, की दिवाळी झाली की आम्ही जाणार.

तिचे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे, अंबडच्या पुढं गोदावरीच्या अंगाला. आजवर पूनम आजीजवळ गावात राहायची. त्या श्रावणात आजी वारली. आता धाकट्या भावाला सांभाळायलाही कुणी हवं होतं.

बाई त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेल्या. मीही बरोबर होते. वडील ओट्यावर बसले होते, आई दारात, लहानगं तिच्या कडेवर. बाईंनी प्रस्तावना केली नाही.

"भाऊ, पोरीले नेऊ नका. वाचाले लागून राह्यली ते."

"ठेवू कोणाजोळ ताई? बुढी तर गेली."

"माह्या घरी ठेवा. लोणारले. मी एकटीच हावो. रोज शाळेत माह्याच संगं येईन, माह्याच संगं जाईन."

आईनं झटकन नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं होतं. वडील मात्र खाली बघत राहिले. हातातली काडी त्यांनी मोडली, आणखी मोडली.

"तसं नाई जमत ताई," ते म्हणाले. "तुम्ही मोठ्या हा, तुमचा मान हाये. पण राहाणं, खाणं-पिणं… आमच्यात ते… पाव्हणे-रावळे काय म्हनतीन."

आमच्या त्या गावात कोण कुठल्या आळीचं, कोणाच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, हे कुणाला सांगावं लागत नाही. मला एकदम अंगावर काहीतरी सांडल्यासारखं झालं. मी बोलायला तोंड उघडलं, तर बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हाव. समजलं," त्या म्हणाल्या. आवाजात काही फरक नाही. "कारखान्याचं गाव कोणतं? अंबडले उतरून पुढं जीप भेटते काय?"

"काऊन?" वडिलांनी मान वर केली.

"रविवारी येत जाईल मी."

परतताना मी धुसफुसत होते. रस्ताभर मीच बोलत होते. बाई ऐकत होत्या. स्टँडजवळ आल्यावर त्यांनी पिशवीतून बाटली काढली, दोन घोट घेतले. त्या शाळेतला चहा कधी घेत नसत, माठातलं पाणीही नाही. आम्ही सगळे त्याला त्यांचा विक्षिप्तपणा समजत होतो.

"लहानपणी माह्या शाळेत शिपाई वरून पाणी टाके," त्या म्हणाल्या. "ओंजळीत. लांबून. निम्मं पायावरच जाये. कोणाच्या दारी पाणी मागाची इच्छा तवाच गेली माही." बाटलीचं झाकण नीट लावून त्यांनी ती पिशवीत ठेवली. "पण शाळेत गेलो ना मी. रोज गेलो. तुम्ही रागावू नका मॅडम. पोरीचं जोडाक्षर राह्यलं, त्याचं पाहू."

आणि त्या गेल्या. दर रविवारी. पहाटेची पहिली गाडी धरून मंठा, जालना, अंबड, तिथून जीप, मग उसाच्या गाड्यांच्या चाकोरीतून पायी. साठी ओलांडलेली बाई एका मुलीच्या जोडाक्षरांसाठी दिवसभराचा प्रवास करते, हे आमच्या शाळेत कुणाला पटत नव्हतं. हेडसर म्हणाले, "इथं एवढी मुलं आहेत. तिच्या जागी दुसरं घ्या की." बाई आठवडाभर शाळेत यायच्या आणि व्हरांड्यात एकट्या बसून शेंगा खायच्या. दुसरं मूल घेतलं नाही. पूनम झालेली नव्हती.

संक्रांतीच्या सुमारास मी एकदा त्यांच्याबरोबर गेले. कापून झालेल्या फडाच्या कडेला पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या खोपटांची ओळ. चुलींचा धूर, ट्रॅक्टरची घरघर, धुळीत खेळणारी पोरं. मोठी माणसं फडात. पूनम भावाला मांडीवर घेऊन खोपटाच्या तोंडाशी बसली होती. बाईंना बघून ती धावत आली नाही, हसलीही नाही. फक्त सरकून तिनं शेजारी जागा केली. बाई बसल्या. पाठ टेकायला भिंत नव्हती, म्हणून उसाच्या मोळीला टेकल्या. भाऊ दोघींच्या मध्ये. वाचन सुरू झालं, ओरडून ओरडून. शेजारच्या खोपटांतली पोरं जमली. बाईंनी त्यांना हाकललं नाही आणि त्यांच्याकडे बघितलंही नाही.

दुपारी आई फडातून आली. तिनं चूल पेटवली, चहा केला आणि कप घेऊन बाईंसमोर उभी राहिली.

"माह्याजोळ पाणी हाये," बाई म्हणाल्या.

आई हलली नाही. तिचे हात काळे पडलेले, बोटांना चिंध्या बांधलेल्या. "ताई, घ्या," ती म्हणाली. "मीबी घेऊन राह्यली तुमच्यासंगं." आणि ती तिथंच मातीत बसली, आपला कप हातात धरून. बाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चहा घेतला. पलीकडे पूनमचे वडील दगडावर कोयत्याला धार लावत होते. त्यांनी हात थांबवून हे पाहिलं आणि पुन्हा धार लावू लागले. दिवसभरात ते आमच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. निघताना मात्र जीपपर्यंत सोडायला आले.

पुढच्याच काही दिवसांत बाई सोमवारी शाळेत आल्या त्या सरळ माझ्या वर्गात. आठी होती, पण डोळे वेगळेच दिसत होते. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राचा एक तेलकट तुकडा काढला. पूनमच्या आईला वाण्यानं त्यात साखर का काहीतरी बांधून दिलं होतं. बातमी अशी, की कुठल्याशा शेतातल्या विहिरीत बिबट्या पडला. रात्रभर पाण्यात कपारीला धरून राहिला. सकाळी गाव जमलं. लोकांनी चार कोपऱ्यांना दोर बांधून एक बाज, म्हणजे विणलेली खाट, विहिरीत सोडली, आणि… तिथं कागद फाटलेला.

"हे तिनं वाचलं," बाई म्हणाल्या. "मी जायच्या आंधीच वाचून ठेवलं होतं. मी बसलो तर मले विचारते, बाई, पुढं काय झालं? बिबट्या बाजेवर बसला का नाई?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"मले काय मालूम? म्हनलं, पाहून सांगतो."

त्यानंतर त्या बाईनं जे केलं ते आठवलं की मला अजून हसू येतं. तुकड्यावर तारीख नव्हती. लोणारच्या वाचनालयात त्यांनी जुन्या अंकांची चळत उपसली. मला घेऊन रद्दीच्या दुकानात गेल्या, तिथं आम्ही दोघी दुपारभर धुळीत बसलो. आमच्याकडचे अंक वेगळे, जालन्याकडचे वेगळे, हे नंतर लक्षात आलं. मग त्यांनी जालन्याच्या गाडीवरच्या प्रत्येक कंडक्टरला कामाला लावलं. हे सगळे त्यांच्या माइकखाली वर्षानुवर्षं गाड्या लावलेले लोक, कुणाची "नाही" म्हणायची हिंमत नव्हती. "ताई, सांगून टाका ना पोरीले, बसला म्हणून," एक जण म्हणाला. बाई त्याच्यावर अशा ओरडल्या, की स्टँडवरची माणसं वळून बघू लागली. "अन् नसन बसला तर? तिनं वाचून विचारलं बे! खोटं सांगू तिले?"

शेवटी त्यातल्याच एकानं जालन्याच्या एका पेपर एजंटकडून तो अंक शोधून आणला. बाईंनी बातमी वाचली नाही. घडी घालून पिशवीत ठेवली. रविवारी पूनमच्या हातात दिली आणि नेहमीसारख्या शेजारी बसल्या.

बिबट्या बाजेवर बसला होता. लोकांनी दोर ओढले. बाज काठाला लागताच त्यानं उडी मारली आणि तो तुरीच्या शेतात नाहीसा झाला.

पूनमनं सगळं वाचलं, जोडाक्षरांसकट. तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "पण बाज वरते येईपर्यंत त्यानं कोणाले काही केलं काऊन नाई?"

"ते पेपरात नाई," बाई म्हणाल्या.

"काऊन नाई?"

"ते तू मोठी झाली का पाह्यजो."

सोमवारी त्या हेडसरांसमोर उभ्या राहिल्या. "पूनम झाली. दुसरं द्या."

पुढच्या वर्षी पूनम पाचवीसाठी लोणारच्या शाळेत गेली. बाईंकडे दुसरीतला एक मुलगा आला होता, डोळ्यांत बघायला घाबरणारा, आणि त्या त्याच्या शेजारी रमल्या होत्या. दिवाळी उलटली. एका रविवारी मी त्यांच्या घरी बसले होते, तेवढ्यात दारात पूनमचे वडील दिसले. मागे आई, पूनम, धाकटा. पूनमच्या हातात कपड्यांची थैली. वडील उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभे राहिले. 

"ताई, पोरगी ठेवता काय? आम्ही परवा निघून राह्यलो."

बाई उठल्या. आत गेल्या, तांब्या-भांडं घेऊन आल्या. "आत या. बसा," म्हणाल्या. ते आत आले. भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीखाली बसले आणि भांडंभर पाणी प्यायले. बाईंनी पुन्हा भरलं, ते पुन्हा प्यायले. 

"मी शिकवणार नाई तिले," बाई म्हणाल्या.

वडिलांचा चेहरा पडला.

"तिचं झालं. माह्याजोळ आता दुसरं लेकरू हाये. पण राहाले काय, राहू द्या. तिचा अभ्यास ते करीन."

आईनं तोंडाला पदर लावला. पूनम केव्हाच आत जाऊन थैली ठेवून आली होती.

ते तीन-एक महिने त्या घरात काय काय झालं, ते मला पूनमकडून नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. बाईंना भाजीत मीठ कमी लागायचं, पूनमला जास्त, यावरून रोज भांडण. बाई झोपेत गाड्यांची नावं घ्यायच्या. संध्याकाळी कानाला त्रास आहे म्हणून पूनमकडून सगळा पेपर मोठ्यानं वाचून घ्यायच्या, छोट्या जाहिरातींसकट. शिकवणार नाही म्हणाल्या होत्या, तो शब्द त्यांनी पाळला. अडलं की म्हणायच्या, "शाळेत विचार. मले काय येते?"

माघातल्या एका सकाळी मी शाळेत निघायच्या तयारीत होते, तेव्हा फोन आला. पूनम होती. आवाज अगदी सरळ. "मॅडम, बाई उठत नाईत. मी शेजारच्या काकूले बोलावलं. काकू म्हनते तुम्हाले सांग." मी पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेल्या होत्या. पूनम त्यांच्या अंथरुणाशेजारी बसून होती. मी तिला उठवायला गेले, तर ती म्हणाली, "थांबा ना थोडं," आणि मी थांबले.

मेहकरचा पुतण्या येईपर्यंत दुपार झाली. अंगणात माणसं जमत होती. एस.टी.तले लोक होते, आमची शाळा होती, आणि आणखी काही जण होते ज्यांना कुणीच ओळखत नव्हतं. मोबाइलच्या दुकानात काम करणारा एक तरुण. नर्सिंगच्या गणवेशातली एक मुलगी. एक ट्रॅक्टरवाला. तो सरळ शेतातूनच आला होता. ते वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे होते, एकमेकांकडे न बघता. मी त्या नर्सिंगवालीला विचारलं, तुम्ही कोण. ती म्हणाली, "बाईंनी मले वाचाले शिकवलं. ड्युटी संपली का खिडकीमागं बसवून. मले एकटीलेच." मोबाइलवाला तेच म्हणाला. ट्रॅक्टरवालाही तेच. म्हणजे आमच्या शाळेत यायच्या कितीतरी आधीपासून हे चालू होतं, आणि एकाबद्दल दुसऱ्याला त्या कधी बोलल्या नव्हत्या. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच.

प्रेत उचलायची वेळ झाली तेव्हा पूनमचे वडील आले. सकाळी पूनमचा फोन गेला तेव्हा फडातून निघाले तसेच. हाताला उसाचा काळा चिकटा, अंगातला सदरा खांद्यावर फाटलेला. ते पोरीला भेटायलाही थांबले नाहीत. सरळ पुढे गेले आणि तिरडीचा डावा पुढचा दांडा त्यांनी खांद्यावर घेतला. गावाहून आलेले त्यांच्या आळीतले काही जण पलीकडच्या ओट्यावर लांब उभे होते. ते बघत राहिले. वाटेत इतरांनी खांदे बदलले. "द्या भाऊ, थकसान," म्हणून दोघा-तिघांनी हात पुढे केला. ते नुसती मान हलवायचे. स्मशानापर्यंत तो दांडा त्यांनी कुणाला दिला नाही.

परतल्यावर ते माझ्याजवळ आले. तोवर मी मनाशी जुळवाजुळव करत होते, की पूनमला माझ्या खोलीवर ठेवून घ्यावं, हंगाम संपेपर्यंत. तसं म्हणालेही. त्यांनी ऐकून घेतलं.

"नाई मॅडम. आता तिची माय राहीन इथं. खोली पाहातो लोणारले."

"आणि तोडणी?"

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला टोळीत निम्मी मजुरी, आणि मुकादमाची बोलणी वरून.

"मी जातो अर्धा कोयता म्हणून," ते म्हणाले. "मुकादमाले सांगतलं येतायेताच. त्याले पटलं तर ठीक, नाईतर दुसरी टोळी पाहीन." आणि मग, या वेळी खाली न बघता, माझ्याकडे बघून, "मागच्या साली ठेवली असती तर त्या बाईचे एवढे रविवार वाचले असते."

 ते त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

त्या आठवड्याच्या शेवटी आई आली. मी आणि पूनम स्टँडवर घ्यायला गेलो होतो. जालन्याच्या गाडीतून ती उतरली, डोक्यावर गाठोडं, हातात भांड्यांची पिशवी, मागे झोपेत चालणारा धाकटा. पूनमनं त्याला उचलून कडेवर घेतलं. आईनं गाठोडं खाली ठेवलं, घाम पुसला, इकडेतिकडे पाहिलं. बोटांच्या चिंध्या अजून तशाच होत्या. खोली कुठली, भाडं किती, काम कुठं मिळेल, यातलं ती काही बोलली नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "याले शाळेत कवापासून घेतात?"